अपेक्षेची उलटतपासणी

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९ लाख ९२ हजार ५९९ जणांनी अर्ज भरले. १६ जूनच्या पूर्वपरीक्षेला त्यातले ५ लाख ८३ हजार २१३ प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेपर्यंत १४ हजार ६२७ पोहोचले, मुलाखतीपर्यंत २ हजार ८४५, आणि एप्रिल २०२५ मध्ये लागलेल्या अंतिम यादीत नावे होती अवघी १ हजार ९. परीक्षेला बसलेल्या साधारण ५७८ जणांमागे एक. उरलेल्या ५ लाख ८२ हजारांत आळशी होते, हुशार होते, पहाटे चारला उठणारे होते आणि नुसताच फॉर्म भरून नशीब अजमावणारेही होते. पण ते सगळेच्या सगळे सारखेच तल्लख आणि सारखेच मेहनती असते, तरी यादीबाहेर राहणाऱ्यांची संख्या एकानेही कमी झाली नसती, कारण जागाच ठरलेल्या होत्या. तरीही निकालाच्या संध्याकाळी यातल्या अनेकांच्या मनात जो निष्कर्ष उमटतो, तो जागांविषयी नसतो, स्वतःविषयी असतो. ‘माझ्यात दमच नाही’, ‘आता घरी कोणत्या तोंडानं जाऊ’, ‘सगळी वर्षं पाण्यात गेली’. गुणपत्रिकेवर यातले काहीही छापलेले नसते.

महाराष्ट्रातल्या स्पर्धा परीक्षांच्या जगाचे चित्र वेगळे नाही. पुण्याच्या सदाशिव आणि नारायण पेठेतल्या अभ्यासिका, कॉट बेसिसवरच्या खोल्या, महिन्याची मेस आणि ‘आयोगाची जाहिरात कधी निघणार’ या प्रश्नाभोवती फिरणारी वर्षे आता राज्यातल्या जवळपास प्रत्येक गावाच्या ओळखीची झाली आहेत. या मुलामुलींना सल्ला देणाऱ्यांची वानवा नाही. एक गट म्हणतो सकारात्मक राहा, दुसरा म्हणतो अपेक्षाच सोडा. मला दोन्ही सल्ले कुचकामी वाटतात. पहिला सल्ला मनातल्या नकारात्मक विचाराला न तपासता हाकलायला सांगतो आणि दुसरा इच्छा आणि हट्ट यांना एकाच दावणीला बांधतो. विचार हाकलण्यापेक्षा त्याची उलटतपासणी करणे हा अधिक प्रामाणिक मार्ग आहे, आणि त्या तपासणीत बहुतेक वेळा आरोपीच्या पिंजऱ्यात सापडतो तो विचाराच्या मुळाशी बसलेला हट्ट: ‘मला हे मिळालेच पाहिजे, नाही मिळाले तर मी कुणीच नाही.’ ही तपासणी निकालानंतर सांत्वन म्हणून करण्याची गोष्ट नाही. ती तयारीच्या पहिल्या दिवसापासून व्हायला हवी.

या मार्गाला शास्त्राचा आधार आहे, आणि तो ज्यांनी उभा केला ते दोघेही मुळात मनोविश्लेषणाच्या परंपरेत तयार झालेले होते. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये ती वाट सोडून विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. घटना माणसाला थेट उद्ध्वस्त करत नाही. घटनेविषयीची त्याची धारणा मध्ये उभी असते आणि तीच भावनेची तीव्रता ठरवते, हे त्यांचे सूत्र. त्याचे मूळ आपण प्राचीन स्टोइक तत्त्वज्ञ एपिक्टेटस यांच्याकडून घेतले, असे ते मोकळेपणाने सांगत. मराठी वाचकांना एलिस अनोळखी नाहीत. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी त्यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धती आत्मसात केली आणि इथे रुजवली. अंजली जोशी यांनी ‘मी अल्बर्ट एलिस’ या नावाने त्यांच्या जीवनावर कादंबरी लिहिली. दुसरे फिलाडेल्फियाचे मनोविकारतज्ज्ञ एरन बेक. नैराश्य म्हणजे माणसाने स्वतःवरच उलटवलेला राग, हा मनोविश्लेषणाचा सिद्धांत पुराव्याने सिद्ध करायला ते निघाले होते. पुरावा उलट निघाला. रुग्णांच्या स्वप्नांत राग सापडेना. सापडत होते ते हरल्याचे, नाकारले गेल्याचे चित्र. एक रुग्ण त्यांच्यासमोर आपल्या आयुष्यातले सनसनाटी प्रसंग सांगत असे आणि सांगताना अस्वस्थ होत असे. ती अस्वस्थता त्या प्रसंगांमुळे असावी, असे शास्त्र सांगत होते. विचारल्यावर कळले की ‘मी डॉक्टरांना कंटाळा आणते आहे’ हा विचार तिच्या मनात एकसारखा चालू होता. बोलण्याखालून वाहणाऱ्या, न बोलावता येणाऱ्या या विचारांना बेक यांनी ‘स्वयंचलित विचार’ म्हटले आणि ते पकडून, लिहून, पुराव्यावर घासून पाहण्याची पद्धत बसवली. १९७९ मध्ये आलेल्या त्यांच्या नैराश्यावरच्या ग्रंथानंतर ती जगभर पसरली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००८ पासून असे उपचार मोफत देण्याचा मोठा कार्यक्रमच हाती घेतला.

तत्त्व एवढेच. ते अभ्यासिकेत कसे दिसते ते पाहू. टेस्ट सिरीजचा तिसरा पेपर झाला आहे, गुण अपेक्षेपेक्षा बरेच कमी आहेत. ज्याच्या डोक्यात ‘यंदा पोस्ट निघालीच पाहिजे’ हा हट्ट पक्का आहे, तो विद्यार्थी बहुधा काय करतो? तो गुण पाहतो आणि पेपर बंद करतो. कोणते प्रश्न चुकले, राज्यव्यवस्थेत किती गेले, अर्थशास्त्रात घाईने किती गोल काळे केले, हे पाहण्यासाठीच तर पैसे भरून ती सिरीज लावलेली असते. पण तो विश्लेषणाचे पान उघडत नाही. कारण त्याच्या लेखी तो आकडा माहिती राहिलेला नाही, तो त्याच्या लायकीवरचा निवाडा झालेला आहे, आणि स्वतःविरुद्धचा निवाडा पुन्हापुन्हा कोण वाचेल? पुढच्या पेपरला तो तब्येतीचे कारण काढतो. ‘पोस्ट मिळावी अशी माझी फार इच्छा आहे, पण ती मिळालीच पाहिजे असा कायदा कुठे नाही’ असे ज्याने स्वतःशी मान्य केले आहे, त्यालाही कमी गुणांचे वाईट वाटते. त्याची संध्याकाळही खराब जाते. पण दुसऱ्या दिवशी तो चुकलेले प्रश्न उघडून बसू शकतो. हट्टामुळे अभ्यास होतो, ही आपल्याकडची लाडकी समजूत आहे. प्रत्यक्षात हट्ट अनेकदा अभ्यासाच्या आड येतो.

उलटतपासणीतले प्रश्नही काही गहन नाहीत. ‘मी नापास झालो म्हणजे मी निकामी आहे’ या वाक्याचा पहिला भाग वस्तुस्थिती आहे, तो मान्य करायचा. दुसऱ्या भागाला पुरावा काय? हाच निकष खोलीतल्या मित्राला लावशील का? मुलाखतीपर्यंत जाऊन यादीबाहेर राहिलेले १ हजार ८३६ जण निकामी आहेत, असे म्हणायला तू तयार आहेस का? एका विशिष्ट रविवारी दोन तासांत दिलेली उत्तरे म्हणजे संपूर्ण माणूस, हे समीकरण कुणी मांडले? आणि शेवटचा, सगळ्यात व्यवहारी प्रश्न: हा विचार धरून ठेवल्याने तुझा काय फायदा होतो? हे प्रश्न मनातल्या मनात न विचारता कागदावर लिहून विचारायचे असतात. मनातल्या मनात वाद घातला की मन दोन्ही बाजूंनी बोलते आणि शेवटी आपल्या सवयीचाच निकाल देते.

सकारात्मक विचारवाले इथे म्हणतील की एवढी डोकेफोड कशाला, वाईट विचार आला की चांगला विचार करा. अभ्यासिकेतल्या टेबलासमोर ‘भावी उपजिल्हाधिकारी’ असे लिहून चिकटवलेला कागद हे त्याचेच रूप. व्याख्यानांच्या बाजारात या मालाला भाव आहे, पण प्रयोगात तो टिकत नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी १९८७ मध्ये केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे: लोकांना पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितले, तर ते अस्वल मनात येतच राहिले, आणि नंतर मोकळीक दिली तेव्हा, ज्यांना आधी मनाई केली होती त्यांच्या मनात ते जास्तच आले. २००९ मध्ये कॅनडातल्या जोअॅन वूड आणि सहकाऱ्यांनी आत्मप्रशंसेची वाक्ये घोकण्याचा परिणाम तपासला. ज्यांचा स्वतःविषयीचा आदर मुळातच कमी होता, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ यासारखे वाक्य घोकल्यावर उलट अधिक वाईट वाटले. हे व्हायचेच. न पटणारे वाक्य मनाला ऐकवले की मन त्याचे खंडन करायला बसते. शिवाय ‘मी अधिकारी होणारच’ हे वाक्य वरून सकारात्मक दिसले, तरी आत तोच हट्ट आहे, फक्त त्याला झेंडूची माळ घातलेली. निकालाच्या दिवशी हा कागद सगळ्यात क्रूर ठरतो.

‘अपेक्षाच नको’ म्हणणारे गीतेचा दाखला देतात. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे हा उपदेश मराठी माणसाला नवा नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात तर संन्यासापेक्षा कर्माच्याच बाजूने कौल दिला. पण रोजच्या बोलण्यात हा उपदेश येतो तो ‘कशाचीच इच्छा धरू नकोस’ अशा अर्थाने, आणि तसा तो परीक्षार्थीला सांगणे ढोंगीपणाचे आहे. नोकरीची इच्छा नसेल तर तो घर सोडून दहा बाय दहाच्या खोलीत तिघांबरोबर कशाला राहील? इच्छा असू द्यावी, ती तीव्र असली तरी हरकत नाही. सोडायची आहे ती तिच्यामागे लावलेली अट: जगाने ही इच्छा पुरवली तरच माझ्या जगण्याला अर्थ आहे. एलिस यांचा सारा रोख या अटीवर होता. अपयशानंतरचे दुःख, निराशा, चुटपुट यांना ते निरोगी मानत. त्या भावना माणसाला पुन्हा हातपाय हलवायला लावतात. त्यांचा विरोध होता तो माणसाला झोपवून टाकणाऱ्या आत्मतिरस्काराला.

याहून गंभीर आक्षेप दुसराच आहे, आणि तो मला मनोमन पटतो, म्हणून त्याला जागा दिली पाहिजे. मुलांच्या विचारांत दोष काढणे सोपे आहे, असे हा आक्षेप म्हणतो. पण जाहिराती वेळेवर निघत नाहीत, परीक्षांच्या तारखा पुढे जातात, भरतीच्या परीक्षांत पेपरफुटी होते, शेती पोट भरत नाही, खासगी नोकरीत पगार आणि शाश्वती दोन्ही नाही. अशा वेळी ‘तुझा विचार बदल’ म्हणणे म्हणजे व्यवस्थेचे पाप पोराच्या माथी मारणे नव्हे काय? ज्या मुलीला घरच्यांनी ‘दोन वर्षं देतो, मग लग्न’ असे बजावून पाठवले आहे, तिची भीती ही विचारातली चूक नसून तिच्या घरातली वस्तुस्थिती आहे. हे सगळे खरे आहे. विचारांच्या तपासणीचे दुकान मांडणाऱ्यांनी हा भाग सोयीस्करपणे टाळला, हेही खरे. पण वस्तुस्थिती अन्यायाची आहे हे कळणे, हाच तर प्रामाणिक तपासणीचा एक निकाल असू शकतो. आपण निकामी आहोत असे मानणारा उमेदवार अन्यायाविरुद्ध उभा राहात नाही. तो खोलीचे दार लावून घेतो. मार्च २०२१ मध्ये १४ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली, तेव्हा पुण्याच्या शास्त्री रस्त्यावर विद्यार्थी उतरले आणि परीक्षा आठवड्याभरात २१ तारखेला झाली. राज्यसेवा परीक्षेत वर्णनात्मक पद्धत लगेच लागू करण्याविरुद्ध आंदोलन झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाने ती २०२५ पर्यंत पुढे नेली. ऑगस्ट २०२४ मध्ये २५ तारखेची परीक्षा बँकांच्या परीक्षेशी एकाच दिवशी येत होती. पुन्हा रस्त्यावर ठिय्या बसला, आणि आयोगाला तारीख बदलावी लागली. त्या मागण्या प्रत्येक वेळी योग्यच होत्या का, यावर मतभेद असू शकतात. मुद्दा एवढाच की रस्त्यावर बसलेल्या प्रत्येकाने, निदान त्या रात्रीपुरते, ‘दोष माझ्यातच आहे’ हे वाक्य तपासून बाजूला ठेवले होते. स्वतःला फासावर लटकवणारा विचार सुटला की माणूस शांत बसतो, असे समजण्याचे कारण नाही.

नकारात्मक विचार खरा असला तर? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. लॉरेन अॅलॉय आणि लिन अॅब्रमसन यांनी १९७९ मध्ये दाखवले होते की आपल्या हातात किती आहे याचा अंदाज काही प्रसंगी उदास माणसेच अधिक अचूक करतात. ‘माझी निवड होणार नाही’ हा विचार अनेकांच्या बाबतीत, वरच्या आकड्यांनुसार, बरोबरच आहे. म्हणूनच उलटतपासणीचा निकाल आधी ठरलेला नसावा. खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला नागरी सेवा परीक्षेत सहा प्रयत्न आणि ३२ वर्षांची मर्यादा आहे. पाच प्रयत्न झाले, पूर्वपरीक्षाच एकदाही निघाली नाही, तर पुरावा काय सांगतो ते ऐकले पाहिजे. कॅनडातल्या कॉन्कॉर्डिया विद्यापीठातले कार्स्टन रोश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडले, की आवाक्याबाहेर गेलेले ध्येय सोडू शकणारी आणि त्याच्या जागी दुसरे धरू शकणारी माणसे मनाने अधिक बरी असतात. यात दुसरा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा. आपल्याकडे सोडण्याला ‘पळपुटेपणा’ म्हणतात आणि धरून ठेवण्याला ‘चिकाटी’, मग ती चिकाटी तिशी ओलांडून पस्तिशीकडे गेली तरी. यातले बरेचसे सोडणे खरे तर हिशेबातली समज असते. ते वेळेवर करता यावे म्हणूनच हट्टाची गाठ आधी सैल करायची.

शास्त्राच्या बाजूनेही एक खोच आहे. नील जेकबसन आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये बेक यांच्या पद्धतीचे भाग सुटे करून पाहिले. नैराश्यातल्या माणसाला नुसतेच पुन्हा कामाला, माणसांत, दिनक्रमात आणण्याचा भाग एकट्याने पूर्ण उपचाराच्या तोडीचा ठरला. विचार तपासण्याने त्यात वेगळी भर पडल्याचे दिसले नाही. आपल्या शेजारी गोव्यात याच धाग्याचा सर्वांत मोलाचा प्रयोग झाला. विक्रम पटेल आणि ‘संगत’ या संस्थेच्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी मोजक्या बैठकांत लोकांना पुन्हा हालचालीकडे वळवले. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होते. मग विचारांची चौकशी फोल म्हणायची का? मी तसे म्हणणार नाही, पण ती खुर्चीत बसून पुरी होत नाही, एवढे कबूल केले पाहिजे. एलिस यांनाही ते माहीत होते. एकोणिसाव्या वर्षी, मुलींशी बोलण्याच्या भीतीवर उपाय म्हणून, ब्रॉन्क्सच्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी मुलगी दिसली की शेजारी जाऊन बसायचे आणि बोलायला सुरुवात करायची, असे त्यांनी स्वतःला बांधून घेतले. अशा १३० जणींपैकी ३० उठून गेल्या, १०० जणींशी बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटायचे कबूल केले आणि तीही आली नाही. हिशेबाने शंभर टक्के अपयश, पण नकाराने आभाळ कोसळत नाही हे त्यांना अंगी अनुभवून कळले. परीक्षार्थीने अभ्यासाच्या वर्षांतच दुसरे काही कमवायचे, शिकायचे, करून पाहायचे, याला आपण ‘लक्ष विचलित होणे’ म्हणतो. ‘पोस्टशिवाय मी कुणीच नाही’ या विचाराविरुद्धचा सगळ्यात ठोस पुरावा मात्र तिथेच तयार होत असतो.

राहता राहिले घरचे आणि क्लासवाले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजार ४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. प्रत्येकामागे परीक्षा होती असे नव्हे, आणि अशी टोकाची निराशा एकट्याने वाद घालून हटवायची गोष्टही नव्हे. त्यासाठी केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालू असते. पण पोराच्या मनातला हट्ट त्याने एकट्याने रचलेला नसतो, एवढे घरच्यांनी ध्यानात घ्यावे. ‘आमच्या कष्टांचं चीज कर’ हे वाक्य प्रेमाने म्हटले तरी ते कर्जाच्या हप्त्यासारखे ऐकू येते. क्लासवाल्यांचे काय? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे आणली; यशस्वी उमेदवाराचे नाव-फोटो वापरायचे तर निवडीनंतर त्याची लेखी संमती घ्यावी लागते. चांगली सुरुवात आहे, पण तेवढ्याने भागणार नाही. ज्या फ्लेक्सवर निवड झालेल्यांचे फोटो झळकतात, त्याच फ्लेक्सवर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, त्या वर्षी त्या क्लासमध्ये एकूण किती जणांनी फी भरली होती तो आकडा छापणे प्राधिकरणाने सक्तीचे करावे.